आमच्या ऑर्किडचा उपास

आमच्या घरी सून आली ती दोन सुटकेस आणि एक कुंडी घेऊन. सुटकेस मुलाने उचलल्या. कुंडीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. मेंदीच्या हातांनी कुंडी छातीशी धरून ती दारात उभी, आणि मी औक्षणाचं ताट घेऊन तिच्यासमोर. माप ओलांडायचं तर उंबऱ्यावरचं तांदळाचं माप दिसायला पाहिजे ना! तिला कुंडीपुढे काही दिसेचना. "अगं, ठेव ना ती बाजूला," मी म्हटलं. ती गोड हसली आणि कुंडीसकट माप ओलांडून आत आली. तांदूळ पार सोफ्याखाली गेले. मी मनात म्हटलं, बाप्पा, ही तर माझ्याइतकीच हट्टी निघाली!

कुंडीत काय होतं म्हणाल तर उसाच्या बारक्या कांड्यांसारख्या दहा-बारा कांड्या आणि वर चार पानं. माती नाहीच, नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे. मला वाटलं, कुणी तरी खत घालायचं अर्धवट सोडलं असेल. "ऑर्किड है," सून म्हणाली. "मम्मी का."

तिची मम्मी लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. वडील रेल्वेत, हिंदी घर, गेली कित्येक वर्षं जबलपूरचंच. त्याआधी त्यांची बदली सिलिगुडीकडे होती, तिथून तिच्या आईने हे झाड आणलं होतं. आणलं म्हणजे आगगाडीत रात्रभर मांडीवर घेऊन. इथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये ते दरवर्षी होळीच्या आसपास फुलायचं. पांढरी फुलं, पाकळ्यांची टोकं जांभळी, आणि आत गडद टिळा. आई गेली, वडील भोपाळला थोरल्या मुलाकडे राहायला गेले, क्वार्टर सुटलं. झाड लेकीच्या वाट्याला आलं.

आता आमचं घर कसं, तेही सांगते. मदन महलच्या टेकडीच्या पायथ्याशी, वर गच्ची. आमचे हे डिफेन्सच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, मी सरकारी ऑफिसातून. आम्ही जबलपूरचे जुने मराठी. पुण्याचे पाहुणे आले की आमची मराठी ऐकून तोंडात रुमाल कोंबतात. कोंबोत! आमच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि हिंदी कुठे सुरू होते, हे आमचं आम्हालाच कळत नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. पुढे एकदाच अडलं, ते येतंच.

होळी आली आणि गेली. झाडाला फूल नाही. सुनेने ते बैठकीच्या खिडकीत, सोफ्याशेजारी ठेवलं होतं. रोज सकाळी पाणी, दर रविवारी ओल्या फडक्याने पानं पुसणं. इतकी सेवा मी माझ्या सासूबाईंचीसुद्धा केली नाही. तरी ढिम्म! एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर ती कुंडीसमोर डोळे पुसत बसलेली.

"मम्मी के जाने के बाद से इसने फूल नहीं दिया," ती म्हणाली. "यहाँ शायद देगा भी नहीं."

तो 'यहाँ' माझ्या जिव्हारी लागला. मी फटकळ आहे, हे सगळ्या मदन महलला माहीत आहे. "काहून नाही देणार? या घरात काय वाईट आहे? बघतेच मी कसं देत नाही ते!" मी मराठीत बोलून गेले. तिला शब्द कळले नसावेत, पण सूर कळला. ती गडबडून म्हणाली, "जी."

या 'जी'बद्दलही सांगायला पाहिजे. आमच्या ह्यांना ती पहिल्या दिवसापासून 'पापाजी' म्हणायची. मला काहीच म्हणायची नाही. 'जी, सुनिए', 'जी, चाय बना दूँ?' बस, एवढंच. शेजारपाजारच्या सगळ्या सुना 'मम्मी जी, मम्मी जी' करत फिरतात. हिच्या तोंडून तो शब्द निघायचा नाही. मला समजत होतं, तो शब्द तिच्यासाठी एकाच बाईचा होता. समजत होतं तरी थोडं लागायचं. खोटं कशाला बोलू?

तर ते झाड मी माझ्या अंगावर घेतलं. सदरला, छावणीच्या भागात, माझी एक मैत्रीण आहे. नवरा फौजेतून रिटायर, नोकरीची बरीच वर्षं आसाम-मेघालयाकडे गेलेली. तिच्या व्हरांड्यात ऑर्किडं अशी लटकलेली असतात की डोकं वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही. तिने मला एकच प्रश्न विचारला. "सर्दी में क्या करते हैं आप लोग इसका?"

"जे उन्हाळ्यात करतो तेच. रोज पानी."

ती खो खो हसली. मग समजावून सांगितलं. या जातीच्या ऑर्किडला हिवाळ्यात विश्रांती लागते. दिवाळी झाली की खत बंद, पाणी जवळजवळ बंद. दिवसा भरपूर उजेड, रात्री उघड्यावरची थंडी. पानं पिवळी होतील, गळतील, कांड्या सुरकुततील. घाबरायचं नाही. मग त्या वाळक्या दिसणाऱ्या कांड्यांच्या पेरांतूनच कळ्या फुटतात. थंडीत पाणी दिलंत तर झाडाला वाटतं, वाढायचे दिवस आहेत, आणि ते फुलायचं विसरतं. "आराम दीजिए उसको," ती म्हणाली. "टाँग दीजिए और भूल जाइए."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुनेची आई हिवाळ्यात झाड अंगणातल्या आंब्याला टांगायची आणि आपल्या कामाला लागायची, एवढंच सुनेला आठवत होतं. पुढे ती काय करायची, हे तिला सांगता येत नव्हतं, कारण आई काही करतच नव्हती!

दिवाळीनंतर मी कुंडी गच्चीवर नेली आणि पत्र्याच्या शेडखाली, कपडे वाळवायच्या नळीला तारेने टांगली. सून मागे मागे. मी तिला सगळं नीट समजावलं, निदान मला तसं वाटलं. "देख बेटा, इसको अब आराम चाहिए." ती म्हणाली, "जी." झालं. आणि त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला, माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मला जाणं भाग होतं.

निघताना ऑटोवाला खाली हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला होता. मी अर्धी ऑटोत, अर्धी बाहेर. तेवढ्यात आठवलं, गच्चीच्या फरशीवर पाणी साचतं. ही पोर कपडे वाळत घालताना कुंडी काढून जमिनीवर ठेवेल, आणि मुळं भिजत बसतील. मी मान वर करून ओरडले, "सुन! वो कुंडी खाली मत रखना! कुछ भी हो जाए, बिलकुल खाली नहीं!"

ती गच्चीवरून ओरडली, "जी, बिलकुल नहीं!"

मी निश्चिंत मनाने नागपूरला गेले. बहिणीचा गुडघा बसला, तिच्या हातचे नसले तरी तिच्या सुनेच्या हातचे तिळाचे लाडू खाल्ले, आणि संक्रांत करून परत आले. चपला काढल्या आणि सरळ गच्चीवर. बघते तर काय, नळी मोकळी. कुंडी जमिनीवर. नुसती जमिनीवर नाही, माझ्या कणीक मळायच्या परातीत, आणि परात काठोकाठ पाण्याने भरलेली.

तळपायाची आग मस्तकाला गेली. "हे काय आहे? मैंने बोला था ना, खाली मत रखना!"

सून धावत आली. तिचा चेहरा इतका खुललेला की मी क्षणभर थबकले. "कहाँ रखा खाली? एक दिन भी नहीं रखा! देखिए ना, पूरा भरा हुआ है!"

"अगं, खाली ठेवलंयस की तू! ये क्या है, खाली नहीं तो क्या है?"

"खाली कैसे? ऊपर तक पानी है!"

"खाली!" मी जमिनीकडे बोट दाखवलं.

"भरा हुआ!" तिने परातीकडे बोट दाखवलं.

असं आमचं किती वेळ चाललं कोण जाणे. आमचे हे उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांचा पेपर आधी हलायला लागला, मग त्यामागून ते हलायला लागले. हसता हसता चष्मा काढून म्हणाले, "अगं, तिचं खाली म्हणजे रिकामं! तू सांगून गेलीस, रिकामी ठेवू नको. बिचारीने ठेवली नाही."

मी कपाळावर हात मारला. जन्म गेला जबलपुरात, हिंदीत भाजी घेतली, हिंदीत भांडले, पोराला हिंदी शाळेत शिकवलं, आणि हा एवढासा शब्द माझ्या लक्षात येऊ नये!

"आणि तुम्ही काय करत होतात इतके दिवस?" मी ह्यांच्याकडे वळले. कुणावर तरी वळायला हवंच होतं.

"मला काय माहीत? मला वाटलं, तूच सांगितलंयस. तुझ्या कामात मी काहून पडू?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. 'आराम चाहिए'चा अर्थही तिने आपला लावला होता. आजारी माणसाला आराम पाहिजे म्हणजे काय, तर सेवा करायची, खाऊपिऊ घालायचं. म्हणून रोज पाणी, वर तांदूळ धुतलेलं पाणी, एक दिवसाआड शिंपडणं. गच्चीवर कडाक्याची थंडी, तर पोर स्वेटर चढवून सकाळी सकाळी झाडाला न्हाऊमाखू घालत होती. झाडही खुशीत, हिरवंगार. आणि पेरांवर बारीक बारीक टोकं आलेली.

"कलियाँ हैं ना ये?" तिने विचारलं. "मैंने पापा को भी बता दिया, मम्मी वाला फूलने वाला है."

मला ठाऊक नव्हतं. मलाही वाटलं, असतील कळ्या, झाड आपल्यापेक्षा शहाणं असेल. पंधरवड्यात त्या टोकांना पानं फुटली. मग पांढरी मुळं लोंबायला लागली. सदरच्या मैत्रिणीला मोबाइलवर फोटो पाठवला, तिचा लगेच फोन. "ये फूल नहीं हैं जी, बच्चे हैं." केळीला खाली पिल्लं येतात, याला वर, पेरांवर. पाणी भरपूर मिळालं की झाड फुलं सोडून पिल्लं घालत बसतं. आणि परातीतल्या पाण्याने जुन्या कांड्यांतल्या निम्म्या बुडाशी काळ्या पडल्या होत्या. त्या कापून टाकाव्या लागल्या.

काळ्या कांड्या तिने केरात टाकू दिल्या नाहीत, कागदात गुंडाळून तुळशीच्या मुळाशी पुरल्या. मग भोपाळला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, तिचं एकच वाक्य ऐकू आलं. "नहीं पापा, फूल नहीं है." हाक मारून जवळ घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही. मी भांडी जोरजोरात घासत बसले. मला प्रेम आलं की मी भांडी आपटते, आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. तिला अजून माहीत नव्हतं.

उन्हाळा, पावसाळा आम्ही त्या झाडाला जपलं. उरलेल्या कांड्यांना बाजूने नव्या कांड्या फुटल्या, पिल्लं सोडवून चहाच्या जुन्या मगांत लावली. आणि बघता बघता पुन्हा दिवाळी आली. पणत्या विझल्या आणि आमच्या दोघींच्या मनात एकच गोष्ट. मी तारेचा हूक घेऊन निघाले, तर ती कुंडीवर हात ठेवून उभी.

"सूख गया तो?" ती म्हणाली. "मम्मी का बस यही बचा है."

खरंच होतं ते. मागच्या वेळी निम्मं गेलं होतं, आता उरलेलं गेलं तर? मैत्रिणीचं सगळं मी पुन्हा सांगितलं, 'आराम' हा शब्द टाळून. तिचं मन मानेना. एखाद्याला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं, हे तिच्या गळी उतरेना. आणि माझ्याजवळ शब्द नव्हता. मराठीतला तिला कळत नव्हता, हिंदीतला मला आठवत नव्हता.

मग अचानक मला हरतालिका आठवली. भाद्रपदात तिने तीज केली होती, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. मी दुपारी चहाचा कप घेऊन तिच्या मागे लागले होते, घे गं दोन घोट, कोण बघतंय. तर मलाच ऐकवलं होतं, "व्रत वाले को कोई खिलाता है क्या?"

"अगं," मी म्हटलं, "इसका व्रत है."

तिचा हात कुंडीवरून निघाला. "व्रत?"

"दिवाली से. उपास धरलाय त्याने. फुलासाठी."

तिने झाडाकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. "निर्जला?"

"नाही गं, इतकं कडक नाही. कधीतरी सकाळी थोडं शिंपडायचं. तेवढाच फराळ."

"और पारणा कब?"

"कली दिखेगी तब."

तिने माझ्या हातातला हूक घेतला आणि कुंडी स्वतः टांगली.

त्यानंतर काय विचारता! आधी मला भीती होती की ही पाणी देईल, आता घरादाराला तिची भीती. आमच्या ह्यांनी एकदा बाटलीतलं उरलेलं पाणी सवयीने कुंडीकडे वळवलं, तर ही जिन्यातून ओरडली, "पापाजी, उसका व्रत है!" बिचाऱ्यांनी दचकून ते स्वतःच्या पायावर ओतलं.

थंडीच्या दुपारी आम्ही दोघी गच्चीवर मटार सोलत बसायचो. आमच्या जबलपूरचा मटार, थंडीत पोत्याने घरी येतो. पाठीवर ऊन, समोर टेकडीचे काळे धोंडे, स्टेशनवरची अनाउन्समेंट वाऱ्यावर तुकड्या-तुकड्याने यायची. मी तिला मराठी शिकवायचे, ती शेंगा सोलत म्हणायची, "सोलून राहिली." तेच आमचं खास जबलपुरी! निम्मे दाणे ती तोंडात टाकायची. मी रागवायचे, ती भांडं माझ्यापुढे करून विचारायची, "खाली है क्या?" आणि मग आम्ही दोघी हसत सुटायचो. रिटायर झाल्यापासून इतक्या सुखाच्या दुपारी माझ्या वाट्याला आल्या नव्हत्या.

झाड मात्र बघवत नव्हतं. पानं एकेक करून पिवळी पडली, गळली. कांड्या सुरकुतून म्हाताऱ्या बाईच्या बोटांसारख्या झाल्या. जानेवारीत धुकं पडलं, सूर्य दिसेना, आणि माझाच धीर सुटला. आपण बोलबोल बोललो आणि पोरीच्या आईची शेवटची खूण वाळवून टाकली, असं वाटायला लागलं. एका सकाळी मी गुपचूप पाण्याचा मग भरून वर गेले. सून आधीच तिथे, शाल पांघरून उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं. तो मग माझ्या हातातून घेतला आणि पाणी तुळशीला घातलं.

"व्रत तोड़ देंगी आप उसका?" ती म्हणाली.

चोरी पकडल्यासारखी मी खाली आले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अखेर तुलाही कुणीतरी भेटलं." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

फेब्रुवारीत ऊन पुन्हा खरपूस झालं. सून वर जायची, यायची, तोंडातून अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. मागच्या वर्षीचं 'फूल नहीं है' आमच्या दोघींच्या कानात होतं. त्या सकाळी मी मटार फोडणीला टाकला होता. हिंग-जिरं तडतडलं, आणि गच्चीवरून तिची आरोळी आली.

"आई! आई!"

माझा झारा कढईत तसाच राहिला. या घरात मला 'आई' म्हणणारा एकच, तो सकाळीच ऑफिसला गेलेला. मी पदर खोचून जिन्याला लागले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. वर पोचले तेव्हा छातीचा भाता झालेला.

ती कुंडीशी उभी होती. नुसतं बोट दाखवत होती. त्या वाळक्या कांडीच्या पेरावर कळ्या होत्या, गोल, टपोऱ्या हरभऱ्याएवढ्या. खालच्या पेरावरही, पलीकडच्या कांडीवरही. आणि सगळ्यात मोठीच्या टोकाला जांभळा रंग चढला होता. पिल्लू नव्हे, पान नव्हे, नक्की फूलच. ती कितीतरी दिवस बघत होती म्हणे. रंग दिसेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं ठरवलं होतं.

"आई है," ती रडत-हसत म्हणाली. "कली आई है."

अरे देवा! म्हणजे ती कळीबद्दल ओरडली होती. हिंदीतलं 'आई'. आणि मी येडी गुडघे मोडत धावत आले. मला हसू आलं, आणि खरं सांगते, डोळेही भरले. गप्प बसले असते तर मी कसली! मी विचारूनच टाकलं, "आरोळी कुणाला मारलीस? मुझे, या इसको?"

तिने नाक पुसलं, जरा विचार केला.

"दो बार बोला ना मैंने," ती म्हणाली. "एक इसके लिए. एक तुमच्यासाठी."

खाली मटार करपल्याचा वास यायला लागला होता. हे जिन्यातून ओरडत होते, गॅस कुणी बंद करायचा म्हणून. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "अगं, मग उभी काय राहिलीस? उपास सोडायचाय ना त्याचा? जा, पाण्याचा मग घेऊन ये. और सुन, खाली मत लाना!"